एक टाका वाढला आणि वीण बदलली : मफलरची कृती कशी वाचावी

दिवाळी सरली, धानाची कापणी सुरू झाली की भंडारा जिल्ह्यात पहाटेची थंडी जाणवू लागते. वैनगंगेच्या काठच्या गावांत सकाळी सायकलवर निघालेल्या माणसांच्या कानांभोवती मफलर दिसू लागतात. याच दिवसांत दुकानांत लोकरीचे गुंडे मांडले जातात आणि यंदा विणकाम शिकायचेच, असे अनेकजणी ठरवतात. पहिली वस्तू बहुतेक वेळा मफलरच असते. त्याला ना बाही, ना गळा. सरळ एक पट्टा विणत जायचे. तरीही पहिल्याच मफलरवर बऱ्याचजणी अडतात.

समजा, तुमसरमधल्या दोन जावा एकाच दुपारी विणायला बसल्या आहेत. दोघींची लोकर एक, सुया एका नंबरच्या, कृतीही एकच आणि अगदी छोटी : "३५ टाके घाला. प्रत्येक ओळ : ★१ सु., १ उ.★ असे शेवटपर्यंत. हवी तेवढी लांबी झाली की टाके बंद करा." 'सु.' म्हणजे सुलट टाका, 'उ.' म्हणजे उलट. धाकटीने ३५ टाके घातले. थोरलीने विचार केला, जोडीजोडीने विणायचे तर सम आकडा बरा, म्हणून तिने ३६ घातले. वीतभर विणून झाल्यावर दोघींनी तुकडे शेजारी ठेवले, तर धाकटीचा तुकडा सपाट, पसरट आणि दाणेदार. थोरलीच्या तुकड्यावर उभ्या पट्ट्या उठलेल्या, आणि तिचा एक टाका जास्त असूनही तो चांगलाच अरुंद!

दोघींपैकी कोणाचाही हात चुकलेला नाही. दोघींनी कागदावर लिहिले होते तेच विणले. मग एका टाक्याने एवढा फरक कसा पडला? याचे उत्तर ज्याला नीट कळले, त्याला मफलरची कोणतीही कृती वाचता येईल. कृती पाठ करून विणणारा पहिल्या अडथळ्याला थांबतो. सुईवरचा टाका ओळखणारा पुढे जातो. म्हणून आधी टाका समजून घेऊ, मग कृतीकडे वळू.

एकाच धाग्याचे कापड

भंडारा जिल्ह्याला कापडाची ओळख नवी नाही. मोहाडी आणि आंधळगावच्या कोष्टी कारागिरांच्या हातमागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, करवती काठाच्या साड्या होत आल्या आहेत. मागावरचे कापड दोन वेगळ्या धाग्यांचे असते. ताण्याचे उभे धागे आधीच ताणून बसवलेले असतात आणि बाण्याचा आडवा धागा धोट्यातून त्यांच्या खालीवर जातो. करवती साडीत दोन्ही काठांचा बाणा अंगाच्या बाण्यापासून वेगळा असतो, म्हणून तिथे तीन धोटे चालवावे लागतात. काठ आणि अंग जिथे एकमेकांत गुंततात तिथे करवतीच्या दात्यांची नक्षी उमटते.

सुयांवर विणलेला मफलर याहून अगदी वेगळ्या रीतीने तयार होतो. इथे ताणा नाही, बाणा नाही. एकच धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि त्या धाग्याचे फास एकमेकांतून ओढलेले असतात. आज विणलेली ओळ कालच्या ओळीच्या फासांतून बाहेर आलेली असते आणि उद्याच्या ओळीला धरून ठेवणार असते. सुईवर दिसतात ते फक्त सगळ्यात वरच्या ओळीचे मोकळे फास. खालचे सगळे फास वरच्यांनी अडकवून ठेवलेले असतात.

मफलरचे बाकी गुणधर्म यातूनच येतात. मागावरच्या कापडात धागा जवळजवळ सरळ जातो, त्यामुळे ते फारसे ताणले जात नाही. विणलेल्या मफलरमध्ये धागा सतत वळत असतो. ओढला की फास आडवा पसरतो आणि उंचीला कमी होतो, सोडला की पुन्हा जागेवर येतो. फासांच्या पोकळीत हवा अडकून राहते आणि ती हवा अंगाची ऊब धरून ठेवते. याच रचनेमुळे एक फास सुईवरून निसटला तर त्याच्याखालचे फास एकामागून एक उसवत जातात.

हे घरबसल्या पाहता येते. कपाटातला एखादा यंत्रावर विणलेला स्वेटर काढा. या भागातल्या अनेक घरांत तो तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेला असेल. १९७२ साली तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून ती त्या जिल्ह्यात मोडते, पण तिबेटी समाजात ती आजही भंडाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. देशभरातल्या तिबेटी वसाहतींप्रमाणे इथल्या कुटुंबांचाही हिवाळ्यातला एक मोठा आधार म्हणजे शहरांत जाऊन गरम कपडे विकणे. या धंद्यातला बराचसा माल लुधियानाच्या कारखान्यांतून येतो. स्वेटर यंत्रावरचा असला तरी त्यातला फास आणि तुमच्या सुईवरचा फास एकच. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणायचे यंत्र बनवले, तेव्हा त्यानेही हाताच्या विणकामातला हाच फास लोखंडाकडून करून घेतला.

सुलट आणि उलट : एका टाक्याच्या दोन बाजू

आता तो स्वेटर उजेडात धरा आणि पुढची बाजू जवळून बघा. खाली टोक असलेल्या 'व्ही' आकाराच्या खुणा एकावर एक रचलेल्या दिसतील. ही टाक्याची सुलट बाजू. मग स्वेटर उलटा करा. आता 'व्ही' दिसत नाही, त्याऐवजी आडवे छोटे उंचवटे ओळीने दिसतात. ही त्याच टाक्यांची उलट बाजू. टाका एकच. पुढून पाहिला की सुलट, मागून पाहिला की उलट.

विणताना फरक एवढाच असतो. सुलट टाका घालताना लोकर कामाच्या मागे असते. उजवी सुई टाक्यात पुढून मागे जाते, लोकरीचा वेढा घेते आणि नवा फास आपल्या बाजूला ओढून आणते. उलट टाका घालताना लोकर पुढे असते. सुई टाक्यात मागून पुढे येते, वेढा घेते आणि नवा फास पलीकडे ढकलते. सुलटात फास आपल्याकडे येतो, उलटात आपल्यापासून दूर जातो.

यातून निघणारी एक गोष्ट विणकामात पावलोपावली लागते. या बाजूने घातलेला सुलट टाका, काम उलटवले की आपल्याला उलट दिसतो. या बाजूने घातलेला उलट टाका त्या बाजूने सुलट दिसतो. मफलर विणताना दर ओळीच्या शेवटी आपण काम उलटवतो, म्हणजे दर ओळीला सगळ्या टाक्यांची तोंडे बदलतात.

३५ आणि ३६ चे गणित

आता दोन जावांच्या तुकड्यांकडे वळू. थोरलीचे टाके ३६, म्हणजे सम. तिची ओळ सुलटाने सुरू होते आणि उलटाने संपते. काम उलटवल्यावर सर्वात आधी समोर येतो तो हाच शेवटचा उलट टाका, पण आता तो तिला सुलट दिसतो. कृतीप्रमाणे नवी ओळ सुलटाने सुरू होते. म्हणजे सुलट दिसणाऱ्या टाक्यावर सुलटच पडतो. पुढचा टाका उलट दिसतो आणि त्यावर उलट पडतो. अशा प्रकारे सुलटावर सुलट आणि उलटावर उलट चढत जातात आणि उभ्या पट्ट्या उठतात. स्वेटरच्या कमरेला आणि मनगटाला असते तीच ही वीण.

धाकटीचे टाके ३५, म्हणजे विषम. तिची ओळ सुलटाने सुरू होते आणि सुलटानेच संपते. काम उलटवले की तो शेवटचा टाका उलट दिसतो. त्यावर ती सुलट घालते. पुढचा टाका सुलट दिसतो, त्यावर उलट पडतो. प्रत्येक टाक्यावर त्याच्या विरुद्ध टाका बसत जातो. उभी ओळ कुठेच धरत नाही आणि कापडभर दाणे उठतात. हिला साबुदाण्याची वीण म्हणतात.

एका टाक्याने बदलले ते एवढेच : नव्या ओळीतला सुलट कोणावर पडणार. म्हणून कृतीत टाक्यांचा आकडा लिहिलेला असतो तेव्हा तो रुंदीपुरता नसतो. नक्षी त्या आकड्यावरच उभी असते.

कापड का वळते, का आखडते

थोरलीचा तुकडा अरुंद का झाला, हे अजून राहिले. लोकर वाकवून फास केला की तिला पुन्हा सरळ व्हायचे असते. एका टाक्याचा हा जोर अगदी थोडा असतो, पण मफलरमध्ये टाके हजारो असतात. सगळे टाके एकाच तोंडाचे असतील तर सगळ्यांचा जोर एकाच दिशेने लागतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणले तर पुढून फक्त 'व्ही' दिसतात. कापड गुळगुळीत आणि देखणे होते, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा मागे वळतात, आणि खालची-वरची कड पुढे गुंडाळते. असा मफलर गळ्यात घातला की त्याची नळी होते. कितीही धुतला, दाबला तरी हा दोष पुरता जात नाही, कारण तो विणणाऱ्याच्या हातात नसून विणीत असतो.

सुलट आणि उलट एकत्र आले की हे जोर एकमेकांना आवरतात. उभ्या पट्ट्यांत सुलटांची रांग पुढे येते, शेजारची उलटांची रांग मागे जाते. कापडाला उभ्या चुण्या पडतात आणि रुंदी आखडते. ताणले तर तेच कापड छान पसरते, म्हणूनच ही वीण मनगटाला घट्ट बसते. साबुदाण्याच्या विणीत मात्र दर टाक्याला शेजारी आणि खाली-वर विरुद्ध टाका असतो. जोर सगळीकडे सारखा वाटला जातो, म्हणून कापड सपाट पसरून राहते.

आणखी एक सोपी वीण आहे : सगळ्या ओळी सुलट. काम दर ओळीला उलटत असल्याने एका बाजूने पाहिले तर एक ओळ सुलट दिसते, पुढची उलट. आडव्या वळ्या उठतात आणि कापड दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. कडाही वळत नाहीत. इथे मोजणी सोपी असते : एक वळी म्हणजे दोन ओळी.

मफलरची दोन्ही तोंडे दिसतात, म्हणून त्याच्या कृतीत सहसा या तीन विणींपैकी एखादी असते : सगळे सुलट, उभ्या पट्ट्या किंवा साबुदाणा. कृतीवर नजर टाकल्याबरोबर यातली कोणती वीण आहे हे ओळखता आले, तर पुढची प्रत्येक ओळ अर्थासकट वाचता येते.

कृतीची भाषा

विणकामाच्या कृती पूर्ण वाक्यांत लिहिल्या तर एका मफलरला चार पाने लागतील. म्हणून खुणांची पद्धत आली. एडिंबऱ्याच्या जेन गोगेन यांनी १८४० साली काढलेल्या विणकामाच्या पुस्तकात अशा आखूड खुणा वापरल्या होत्या. आज मराठी कृतींत 'सु.' म्हणजे सुलट आणि 'उ.' म्हणजे उलट असते. इंग्रजी कृतीत किंवा यूट्यूबवरच्या व्हिडिओत 'के' दिसले तर ते सुलट, 'पी' दिसले तर उलट. '२ सु. एकत्र' म्हणजे दोन टाक्यांत एकदम सुई घालून एकच सुलट विणायचा, त्यामुळे एक टाका कमी होतो. 'लोकर पुढे' म्हणजे सुईवर लोकरीचा एक वेढा मुद्दाम घ्यायचा. त्यामुळे एक टाका वाढतो आणि खाली भोक राहते. जाळीच्या नक्षीत या दोन्ही गोष्टी जोडीने येतात, म्हणजे टाक्यांची संख्या कायम राहते.

नवशिक्यांना सर्वात जास्त गोंधळवते ती तारा (★). दोन तारांमधला मजकूर आरतीच्या ध्रुवपदासारखा असतो. छापताना एकदाच छापतात, म्हणताना पुन्हापुन्हा म्हणायचा. पहिल्या तारेच्या आधी जे असते ते ओळीत एकदाच, सुरुवातीला विणायचे. दुसऱ्या तारेनंतर असते ते एकदाच, शेवटी.

'टाके ४ च्या पटीत, अधिक २' असे कुठे लिहिलेले दिसले तर तेही याच कारणाने. तारांमध्ये चार टाक्यांची नक्षी आहे आणि दोन्ही कडा सारख्या दिसाव्यात म्हणून शेवटी दोन टाके जास्त आहेत. २ सुलट, २ उलट अशा पट्ट्यांचा मफलर ३८ टाक्यांवर घ्यायचा असेल तर ४ × ९ = ३६, अधिक २, म्हणजे ३८. दोन्ही टोकांना दोन-दोन सुलट येतात. मफलर रुंद हवा तर मनाला येईल तेवढे टाके वाढवून चालत नाही. चार वाढवा किंवा आठ वाढवा.

'दिसतील तसे विणा' ही आणखी एक नेहमीची सूचना. समोर 'व्ही' दिसला तर सुलट, आडवा उंचवटा दिसला तर उलट. जिला टाका ओळखता येतो तिच्यासाठी ही सूचना म्हणजे मोठी सवलत आहे, कारण त्या ओळीपुरते कागदाकडे बघावेच लागत नाही.

एक कृती, ओळीओळीने

आता एक पूर्ण कृती घेऊ. मधोमध साबुदाण्याची वीण आणि चारही बाजूंनी सुलट टाक्यांचा काठ.

साहित्य : मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरच्या म्हणजे ४ मिमीच्या सुया.
वीण : १० सेमीमध्ये २० टाके, ३२ ओळी.
३५ टाके घाला.
१ ते ६ ओळी : सर्व सु.
७वी ओळ : ३ सु., ★१ उ., १ सु.★ शेवटचे ४ टाके उरेपर्यंत, १ उ., ३ सु.
७व्या ओळीप्रमाणेच हवी तेवढी लांबी होईपर्यंत विणा.
शेवटी ६ ओळी सर्व सु. टाके सैल हाताने बंद करा.

पहिल्या सहा ओळी सुलट आहेत, म्हणजे तीन आडव्या वळ्या उठणार. हा खालचा काठ, तो वळणार नाही. सातव्या ओळीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे ३ सुलट हे बाजूचे काठ. मध्ये उरतात २९ टाके. विषम आकडा आहे, म्हणजे साबुदाणा जमणार. हिशेब करून बघा : सुरुवातीचे ३, मग दोन टाक्यांची जोडी १४ वेळा म्हणजे २८, मग १ उलट, मग ३. एकूण ३५.

सगळ्या ओळी एकच का, हेही आता सांगता येईल. मधला भाग उलटाने सुरू होतो आणि उलटानेच संपतो. काम उलटवल्यावर त्यातला पहिला टाका सुलट दिसतो आणि त्यावर कृतीप्रमाणे उलट पडतो. विरुद्धावर विरुद्ध. त्यामुळे कितवी ओळ सुरू आहे, हे लक्षात ठेवायची गरज नाही.

इथे चूक लगेच कळते. विणता विणता शेवटचे ४ टाके उरले तेव्हा तारांमधली जोडी पूर्ण झालेली असली पाहिजे. जोडी अर्धवट राहिली तर याच ओळीत किंवा मागच्या ओळीत एखादा टाका वाढला किंवा गळला आहे. तिथेच थांबून टाके मोजावेत. पुढे रेटून नेले तर पुढच्या ओळीत दाणे जाऊन पट्ट्या उठू लागतात आणि चूक आणखी वर सरकते.

सुईचा नंबर आणि नमुन्याचा तुकडा

आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ६ नंबर ५ मिमीचा, ८ नंबर ४ मिमीचा, १० नंबर ३.२५ मिमीचा. अमेरिकी पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची असते. परदेशी व्हिडिओ बघून दुकानात '८ नंबर' मागितला तर हातात पुरी एक मिलिमीटर बारीक सुई येते आणि मफलर कडक आणि अरुंद होतो. म्हणून नंबरापेक्षा मिलिमीटर बघावेत. तो आकडा सगळीकडे सारखा असतो.

कृतीतले 'वीण : १० सेमीमध्ये २० टाके, ३२ ओळी' हे वाक्य बहुतेकजणी सोडून पुढे जातात, पण मफलरचे माप त्यावरच ठरते. ३५ टाके भागिले २० गुणिले १० म्हणजे १७.५ सेमी रुंदी. दीड मीटर लांबीसाठी ४८० ओळी. एकूण टाके १६,८००. तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेमीत २४ टाके बसत असतील तर तोच मफलर साडेचौदा सेमीचा होईल.

म्हणून सुरुवातीला त्याच लोकरीने, त्याच विणीत १५ सेमीचा एक चौकोन विणून बघावा. तो धुऊन, सपाट वाळवून त्याच्या मधल्या १० सेमीतले टाके मोजावेत. टाके जास्त भरले तर जाड सुई घ्यावी, कमी भरले तर बारीक. मुद्दाम हात सैल करून विणायचा प्रयत्न फार टिकत नाही, चार ओळींनंतर हात आपल्या वळणावर जातोच.

लोकर किती लागेल हेही असेच काढता येते. एक गुंडा संपेपर्यंत विणा आणि लांबी मोजा. ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात ४० सेमी झाले, तर १५० सेमीला पावणेचार, म्हणजे चार गुंडे लागतील. सगळे गुंडे एकदम घ्या आणि लेबलवरचा रंगाचा लॉट क्रमांक एकच आहे ना, हे बघा. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये थोडा फरक असतो आणि तो गळ्यात पडल्यावर उठून दिसतो. दुकानात लोकर म्हणून मिळणारा धागा बऱ्याचदा ॲक्रिलिक असतो. तो धुवायला सोपा असतो, पण त्यावर गरम इस्त्री फिरवली तर टाके कायमचे चपटतात.

टाके आपोआप कसे वाढतात

३५ टाक्यांनी सुरू केलेला मफलर वीतभरात ३९ टाक्यांचा होतो आणि वर रुंद होत जातो, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. याची कारणे मुख्यतः दोन.

पहिले कारण ओळीच्या सुरुवातीला असते. काम उलटवताना लोकर सुईच्या वरून मागे ओढली गेली तर पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर दिसतात. एकाच टाक्याचे दोन टाके वाटतात आणि दोन्ही विणले जातात. उपाय सोपा आहे : ओळ सुरू करण्यापूर्वी लोकर खाली ओढून धरा, पहिला टाका एकटा दिसेल.

दुसरे कारण सुलटावरून उलटावर जाताना घडते. लोकर मागून पुढे आणताना ती दोन सुयांच्या मधून आली पाहिजे. सुईवरून आली तर एक वेढा जास्त बसतो. पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि त्याच्याखाली बारीक भोक राहते. जाळीच्या नक्षीत मुद्दाम घेतात तोच हा वेढा, इथे तो नकळत पडलेला असतो.

टाका सुटला असेल तर घाबरून ओढाओढ करू नये. सुटलेल्या फासाच्या वर आडवे मोकळे धागे दिसतात. त्यातला प्रत्येक धागा म्हणजे उसवलेली एक ओळ. क्रोशाची सुई फासात घालायची, खालचा आडवा धागा तिच्या आकड्यात धरायचा आणि फासातून पुढे ओढायचा. मग त्यावरचा, मग त्यावरचा. पुढून ओढलेला टाका सुलट होतो. उलट हवा असेल तिथे काम उलटवून तीच कृती करायची. टाक्याची रचना माहीत असली की दहा ओळी खाली गेलेला टाकाही परत आणता येतो, सगळे उसवावे लागत नाही.

चौकोनांचा नकाशा

काही कृती शब्दांऐवजी चौकोनांत काढलेल्या असतात. एक चौकोन म्हणजे एक टाका, एक आडवी रांग म्हणजे एक ओळ. वाचन खालून वर होते, कारण मफलरही खालून वर वाढतो. पुढच्या बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, मागच्या बाजूची डावीकडून उजवीकडे, कारण काम उलटलेले असते. रिकामा चौकोन पुढच्या बाजूने सुलट, पण मागच्या बाजूच्या ओळीत तोच उलट विणायचा. आडवी रेघ किंवा टिंब असलेला चौकोन याच्या उलट. नकाशात नेहमी पुढून कापड जसे दिसेल तसे दाखवतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

चौकट : कृती हातात आल्यावर

• टाक्यांचा आकडा सम आहे की विषम, कितीच्या पटीत आहे ते बघा. नक्षी त्यावर अवलंबून असते.
• तारांच्या आधीचे आणि नंतरचे टाके वेगळे करा. ते बहुधा काठाचे असतात, ओळीत एकदाच येतात.
• समोरचा टाका 'व्ही' आहे की आडवा उंचवटा, हे ओळखून मगच सुई घाला.
• सुलटावर सुलट : उभ्या पट्ट्या. विरुद्धावर विरुद्ध : साबुदाणा. दोन्ही बाजूंनी सुलट : आडव्या वळ्या.
• एक ओळ सुलट, एक ओळ उलट एवढेच असेल तर मफलर वळणार. चारही बाजूंना काठ घ्या.
• सुई मिलिमीटरने निवडा. नमुन्याचा चौकोन आधी विणा.
• दर दहा ओळींनी टाके मोजा.

मफलरनंतर

मफलर झाला की पुढची पायरी बहुधा टोपी. ती दोरीने जोडलेल्या गोल सुयांवर विणतात. गोल विणताना काम कधीच उलटत नाही. आपण सतत पुढच्याच बाजूने विणतो. मग प्रत्येक ओळ सुलट विणली तर कोणते कापड होईल? मफलरमध्ये सगळ्या ओळी सुलट विणल्यावर वळ्या उठल्या होत्या, त्या काम दर ओळीला उलटल्यामुळे. इथे काम उलटत नाही, म्हणून सुलटावर सुलट चढत जातील आणि बाहेरून फक्त 'व्ही' दिसणारे गुळगुळीत कापड होईल. त्याला बाजूच्या कडा नाहीत, त्यामुळे बाजूने वळण्याचा प्रश्न नाही. खालची कड मात्र गुंडाळेल. म्हणूनच टोपीच्या कृतीत सुरुवातीला ३-४ सेमी उभ्या पट्ट्या असतात. त्या कड आवरतात आणि टोपी कपाळाला घट्ट बसवतात.

हे उत्तर कोणत्याही पुस्तकात न बघता काढता आले, म्हणजे सुलट-उलट कळले. आता कृती मराठीत असो, इंग्रजीत असो, शब्दांत असो की चौकोनांत, त्यात लिहिलेले प्रत्येक पाऊल का आहे हे तुम्हाला विचारता येईल, आणि बऱ्याचदा उत्तरही तुमचे तुम्हालाच देता येईल.